साधी गाठ

बुधवार, रात्री साडेदहा

आज पाठीतल्या गाठीच्या ऑपरेशननंतरचा पाचवा एमआरआय झाला. क्रिएटिनिनचं रक्त परवाच दिलं होतं, मूत्रपिंडं ठीक असल्याशिवाय कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिल्मवर गाठ उठून दिसावी म्हणूनचं औषध, देत नाहीत. मंगळसूत्र, पिना ह्यांच्या रुमालात बांधून दिल्या. जोडवं निघेना, शेवटी साबण लावला. मग पाऊण तास ठकठक. ते औषध, गॅडोलिनियम, शिरेत गेलं की दंडापर्यंत गार धार चढते, ती आता ओळखीची झालीय.

मशिनची भीती नाही वाटत, उताणं पडायची वाटते. लोकांची पाठदुखी पडल्यावर बरी होते, माझी आडवं झालं की चढायची. ऑपरेशनआधीचे आठ महिने रात्री आरामखुर्चीत काढले. आधी पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं, मग पाय जड. एक दिवस जिन्यात चप्पल निसटली आणि मी तशीच दोन मजले चढून आले, कळलंच नाही. तोवर ‘गादी सरकलीय’ म्हणून शेक, व्यायाम, बी-१२ ची इंजेक्शनं चालू होती. एमआरआयही काढला होता, पण कमरेचा. गाठ त्याच्या वर, छातीच्या नवव्या-दहाव्या मणक्याशी बसलेली. हा राग अजून गेलेला नाही.

श्वानोमा. नसेच्या वेष्टनातल्या पेशींची गाठ. साधी, म्हणजे कॅन्सरची नाही, सावकाश वाढणारी. पण मणक्याच्या नळीत मोकळी जागा असून असून किती असणार? गाठ वाढली की चेपला जातो मज्जारज्जूच. सासूबाई अजून म्हणतात, “साधीच होती ना गं?” होती.

मणक्याची मागची कमान काढून, आवरण उघडून, मायक्रोस्कोपखाली गाठ आतून पोखरत लहान केली आणि मग सोडवली. पायांपर्यंत संदेश पोचतायत का, हे तारा लावून सतत बघत होते. जिच्यावर ती वाढली ती छातीची दहावी नस मात्र कापावी लागली. ती बेंबीच्या पातळीला येते. डावीकडे तिथे मला परकराची नाडी लागत नाही. एकदा इतकी आवळली की दुसऱ्या दिवशी वळ दिसला.

मागे वाचलं होतं, १८८७ साली लंडनमध्ये सर्जन व्हिक्टर हॉर्स्लींनी मणक्यातली अशी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. एक्स-रेसुद्धा नव्हते तेव्हा. मज्जासंस्थेचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी रुग्णाच्या अंगावरच्या खुणांवरून जागा ठरवली. हॉर्स्लींनी उघडलं तिथे काही सापडेना. आणखी वर गेले, तेव्हा मिळाली. पाय गेलेला तो माणूस पुन्हा चालला. ‘आणखी वर’ वाचून मी पुस्तक मिटून हसले होते.

ऑपरेशननंतरचा पहिला एमआरआय तीन महिन्यांनी झाला, मग दरवर्षी एक. पूर्ण निघालेली गाठ सहसा परत येत नाही, हे मला पाठ आहे. पण उगवलीच तर तीही सावकाश उगवणार, म्हणून वर्षानुवर्षं बघत राहायचं. टेक्निशियनचा पहिला प्रश्न ठरलेला, “जुन्या फिल्म आणल्यात?” ऑपरेशनचा व्रण कुठला आणि नवं काही कुठलं, ते जुन्याशेजारी नवी ठेवल्याशिवाय नीट ठरत नाही. एरवी मला महिनोन्‌महिने गाठ आठवत नाही. तारीख जवळ आली की मात्र बसल्याजागी पायाची बोटं हलवून बघते. भाजी निवडताना, बसमध्ये.

रिपोर्ट शुक्रवारी. फिल्म परत गादीखाली सरकवल्या, तिथेच त्या सपाट राहतात. ह्यांनी विचारलं, “खुर्ची आणू का?” नको म्हटलं.