पामीरमधली शिकार: आधी कागद, मग उंची

आज दिवसभर ताजिकिस्तानच्या पूर्व पामीरमधल्या मार्को पोलो मेंढ्याच्या (लांब, वळलेल्या शिंगांच्या रानमेंढ्याच्या) शिकारीची आखणी चालली होती. बंदुकीआधी कागद: शिकारीचा परवाना, गोर्नो-बदख्शानचा (पामीर ज्यात येतो त्या स्वायत्त प्रांताचा) प्रवेश परवाना, शिंगं देशाबाहेर न्यायला सायटीसचा (वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) निर्यात परवाना. मग उंची. मुर्गाब हे तिथलं गाव साधारण 3600 मीटरवर, किर्गिझस्तानातल्या ओशहून येताना अक-बैताल खिंड 4655 वर. 3000 च्या पुढे मुक्काम रोज 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये. घाई नडते ती इथेच. विरळ हवेत गोळी कमी खाली येते, म्हणून तळावर नेम पुन्हा तपासायचाच. 30 अंशांच्या उतारावर तिरकं अंतर 400 मीटर दिसलं, तर हिशोब 346 चा, म्हणजे आडव्या अंतराचा. नाहीतर गोळी वरून जाते. ऊन चढलं की वारा दरीतून वर वाहतो, तेव्हा कळपाला वरच्या अंगाने गाठावं, म्हणजे आपला वास त्याच्याकडे जात नाही.