तुम्ही विचारलंत म्हणून: आनंदन की तमिळसेल्वन?

मणिरत्नमचा तमिळ सिनेमा 'इरुवर', म्हणजे नट आनंदन आणि लेखक तमिळसेल्वन या दोन मित्रांची राजकारणात ताटातूट होते ती गोष्ट, दाखवला की हा प्रश्न येतोच. दोघांत बरोबर कोण? आमच्या फिल्म सोसायटीत तो मी तीनदा लावला आणि तिन्ही वेळा "दोघंही आपापल्या जागी बरोबर" म्हणून खुर्च्या आवरायला लागलो. परवा तुमच्यातल्या एकीनं विचारलं, "सर, तुम्ही खरं उत्तर का देत नाही?" म्हणून आज देतो.

मी आनंदनच्या बाजूचा आहे. ती भूमिका करणाऱ्या मोहनलालमुळे नाही; त्यानं भर सभेत स्वतःच्या पक्षाकडे हिशेब मागितला म्हणून. नावं बदललेली असली तरी आनंदन म्हणजे तमिळ नट-नेते एमजीआर, तमिळसेल्वन म्हणजे लेखक-नेते करुणानिधी आणि प्रसंग ऑक्टोबर १९७२चा, हे तुम्ही जाणताच. एमजीआरनी द्रमुक या आपल्याच पक्षाच्या पदाधिकाऱ्यांकडे जाहीर हिशेब मागितला आणि त्यांना पक्षाबाहेर काढलं गेलं. तुम्ही म्हणता, ही महत्त्वाकांक्षाच होती. असेल. पण म्हणून हिशेब मागणं चूक ठरतं का?

इथं माझा आवाज चढतो, मलाही कळतं. कारण मीही मागितला होता.

आमचा नाटकाचा ग्रुप होता. मी लिहायचो, माझा मित्र रंगमंचावर उभा राहायचा. माझी वाक्यं त्याच्या तोंडी इतकी चांगली व्हायची की ती माझी वाटायची नाहीत. १९५०च्या 'मंत्री कुमारी' या सिनेमात एमजीआर करुणानिधींचे संवाद बोलले, तेव्हा लिहिणाऱ्याला काय वाटलं असेल ते मला कळतं. ग्रुपचा खजिनदारही तोच. मीच आग्रह करून केला होता.

वार्षिक सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. चाळीसेक माणसं, पहिल्या रांगेत त्याचे वडील. अध्यक्षांनी "आणखी कुणाला काही?" म्हटलं आणि मी उठलो. एकांकिकेच्या दिव्यांसाठी काढलेल्या सात हजारांचा हिशेब सभेपुढे यावा, म्हणालो. आदल्या रात्री त्याच्याच घरी जेवलो होतो. काकूंनी आग्रह करून दुसऱ्यांदा आमटी वाढली होती. तेव्हा विचारता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण सभेतलं बोलणं मी घरून लिहून आणलं होतं, कागद खिशात होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, वडिलांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. मग पिशवीतून पावत्यांचं पाकीट काढून त्यानं टेबलावर ठेवलं आणि मागच्या दारानं निघून गेला. चपला पुढच्या दाराशी राहिल्या.

पावत्या आम्ही दोन दिवस जुळवत बसलो. अकराशे रुपयांचा मेळ लागला नाही. ते त्यानं घेतले की चहापाण्यात, रिक्षात गेले, मला आजही ठाऊक नाही.

एकट्यात विचारायचं होतंस, असं मी तेव्हाच्या मला सांगतो. तो उलट म्हणतो, एकट्यात विचारलं असतं तर त्यानं हसून खांद्यावर हात टाकला असता आणि तू गप्प बसला असतास. हेही खरंच. पैसे माझे नव्हते, ग्रुपचे होते. पण मग कागद कशाला लिहिला? त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

१९६९मध्ये द्रमुकचे मुख्यमंत्री अण्णादुराई वारल्यावर करुणानिधी मुख्यमंत्री झाले, त्यात एमजीआरच्या पाठिंब्याचा मोठा वाटा होता. ज्याला आपण खुर्चीवर बसवलं त्यालाच चार लोकांत उभं करायचं, यात नुसती सचोटी असते असं मी आता छातीठोकपणे म्हणत नाही. 'इरुवर' १९९७च्या पोंगलला लागला आणि चालला नाही. बरोबर कोण ते सांगून टाकणारा सिनेमा लोकांना हवा असावा. मलाही तेव्हा तसाच हवा होता.

शेवटी मित्र गेल्यावर तमिळसेल्वन एकटा उभा राहून त्याच्याशी कवितेत बोलतो. प्रकाश राजना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो या एका प्रसंगासाठीही द्यावा असा. त्या वेळी मी आनंदनच्या बाजूला नसतो. दिवे लागले की पुन्हा होतो.

माझा तो मित्र इथंच, दोन गल्ल्या सोडून राहतो. तिन्ही खेळांचा निरोप मी त्याला धाडला होता. चौथ्या वेळी निरोप धाडणार नाही, स्वतः जाईन म्हणतो.