तुम्ही विचारलंत म्हणून: हॅवलॉकला राहायचं कुठे?

"अंदमानचं ठरलंय, हॅवलॉकला दोन रात्री आहेत, हॉटेल कुठल्या बीचवर घेऊ?" दिवाळीची सुट्टी जवळ आली की हा प्रश्न मला हमखास येतो. सोबत चार-पाच हॉटेलांच्या लिंका असतात आणि प्रत्येक फोटोत निळंशार पाणी खोलीच्या पायरीपर्यंत आलेलं दिसतं. माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे: बरोबर कोण आहे, आणि समुद्रात उतरायचंय की समुद्र नुसता बघायचाय?

कारण हॅवलॉकला दोन किनारे आहेत आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. (२०१८ पासून बेटाचं सरकारी नाव स्वराज द्वीप, पण बोलताना अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात.) पूर्वेकडे जेटी, गोविंदनगरचा बाजार, त्यापुढे विजयनगर आणि शेवटी काळापत्थर. पश्चिमेला राधानगर. रिक्षावाले गोविंदनगरला तीन नंबर, विजयनगरला पाच नंबर आणि राधानगरला सात नंबर म्हणतात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांनी ही गावं वसवली, त्यामुळे बाजारात मासे-भात झकास मिळतो. बहुतेक हॉटेलं पूर्वेला आहेत आणि फोटोंची गोम तिथेच आहे.

तो फोटो भरतीचा असतो. गुहागरला किंवा मुरुडला ओहोटी लागली तरी ओली वाळू तुडवत आपण पाण्यापर्यंत जातो. विजयनगरला तसं जमत नाही. तिथे किनाऱ्यालगत प्रवाळाचा उथळ, सपाट पट्टा आहे. पाणी ओसरलं की ते पार लांब जातं, डुंग्या म्हणजे तिथल्या लाकडी होड्या वाळूवर कलंडून पडतात आणि तुमच्या नि समुद्राच्या मध्ये खडक आणि मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे उरतात. अनवाणी गेलात तर पाय कापलाच म्हणून समजा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीही तितकीच मोठी. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचं आपलं कोकणातलं गणित तिकडे लागू पडत नाही. पोर्ट ब्लेअरचं (२०२४ पासून सरकारी नाव श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर मिळतं, तारखा पक्क्या करण्याआधी ते उघडा. दिवसाउजेडी पोहण्याजोगं पाणी किती तास आहे ते लगेच कळतं.

पण म्हणून ती ओहोटी वाया गेली असं मला मुळीच वाटत नाही. चांगल्या तळाच्या चपला घालून मुलांना त्या पट्ट्यावर न्या. खडकांतल्या डबक्यांत काळ्या समुद्रकाकड्या निपचित पडलेल्या असतात, शंख पाठीवर घेऊन खेकडे लगबगीने पळतात. शंख-प्रवाळ उचलून मात्र आणायचे नाहीत, त्याला बंदी आहे.

राधानगरला ही भानगड नाही. लांबलचक, मऊ वाळूचा किनारा, मागे उंच झाडांचं जंगल, आणि ओहोटीतही पाण्यात उतरता येतं. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. पावसाळ्यात मात्र तो खवळलेला असतो. आणि त्याच्या एका टोकाला नील्स कोव्ह नावाची खाडीसारखी जागा आहे, तिथे २०१० मध्ये मगरीने एका पर्यटक महिलेचा जीव घेतला. म्हणून पोहायचं ते जीवरक्षकांनी आखून दिलेल्या भागातच. पाणी कितीही शांत दिसो, यात सूट नाही.

आता माझं मत. स्कूबा करायचं असेल तर फार विचार करू नका, गोविंदनगर किंवा विजयनगरला राहा. बोटी सकाळी लवकर निघतात आणि डायव्हिंगवाले बहुतेक त्याच बाजूला आहेत.

आई-वडील बरोबर असतील तर लोक सांगतात, जेटीजवळ ठेवा, सोयीचं पडतं. मला हे पटत नाही. राधानगर जेटीपासून १२ किलोमीटरच्या आसपास आहे. सगळं बेट तिथे सूर्यास्ताला लोटतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सव्वापाचपर्यंत बुडालेला असतो. मग अंधारात, गर्दीत रिक्षा शोधायची आणि गुडघे दुखणाऱ्या माणसांना घेऊन परतायचं. त्यापेक्षा त्यांना राधानगरलाच ठेवा. सकाळी सहाला लख्ख उजेड असतो आणि बाहेरची गर्दी आलेली नसते. तेव्हा आई निवांत पाण्यात पाय सोडून बसू शकते. हे सुख तिथे राहणाऱ्यालाच मिळतं. हॉटेलं मोजकी आणि बरीचशी महाग, रात्री जेवणही बहुधा हॉटेलातच, हे मान्य. बजेट बसत नसेल तर गोविंदनगरला तळमजल्याची खोली घ्या, पण राधानगरला जाताना रिक्षा जाण्या-येण्याची ठरवूनच निघा.

काळापत्थर नव्याने लग्न झालेल्यांसाठी ठीक, शांत आहे. हॅवलॉकवरच्याच एलिफंट बीचवर राहण्याची सोय नाही, दिवसा जाऊन परतायचं.

बुकिंगआधी हॉटेलला फोन करून एवढंच विचारा: ओहोटीला तुमच्या समोरचं पाणी किती लांब जातं, आणि उतरायला वाळू आहे की खडक? सरळ उत्तर देणाऱ्याकडे राहा.

आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री हॅवलॉकवर राहू नका. बोटीला दीड ते अडीच तास लागतात, पण हवा बिघडली की ती रद्द होते आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. ती रात्र पोर्ट ब्लेअरला काढा. सेल्युलर जेल मात्र जाताना, पहिल्याच दिवशी बघून घ्या. सावरकरांची कोठडी बघायला म्हणून निघालेल्या माणसाची ती भेट बोटीच्या भरवशावर ठेवू नये.