कूलर लावण्याआधी गॅलरी तपासली, तो अनुभव

होळीच्या आसपास नागपुरात कूलर बाहेर निघतात. गॅलरी तपासायची ती त्याआधी, रिकामी आणि कोरडी असताना. ८० लिटरच्या टाकीत पाण्याचंच वजन ८० किलो. वर लोखंडी बॉडी, मोटार, ओल्या ताट्या. शिवाय उन्हाळाभर ठिबकणारं पाणी.

आमची गॅलरी भिंतीतून चार फूट बाहेर आलेली, खाली खांब नाही. अशा अधांतरी स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या अंगाला असते, कारण ताण तिथे येतो. म्हणून खालचे पोपडे बघण्याआधी मी वरून, भिंत आणि फरशी मिळते ती रेघ बघितली. तिथल्या टाइलची सांध उघडली असेल किंवा भिंतीला समांतर तडा असेल तर धोका आहे. पाणी तिथून थेट मुख्य सळईवर जातं. एटीएम कार्डची जाडी पाऊण मिलिमीटर. तड्यात कार्ड शिरत असेल तर कूलरच काय, माणसंही गॅलरीत नकोत, आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर. बारीक तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाकायची, वर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायची. पट्टी तडकली म्हणजे तडा वाढतोय.

बांधकामाच्या वेळी काँक्रीट ओतताना मजूर सळयांच्या जाळीवर चालतात आणि वरची सळई दबून खाली जाते. ती चूक नंतर डोळ्यांना दिसत नाही. सळई किती खोल आहे ते इंजिनीअर कव्हर मीटरने सांगतो. जुन्या फरशीवर नवी टाइल बसवली असेल तर तेही वजन धरा: दोन इंच मसाला म्हणजे चौरस मीटरला साधारण १०० किलो.

मग खालची बाजू. छोट्या हातोडीने हलके ठोकत जायचं. टणक आवाज ठीक; बद्द आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. सळईच्या ओळीने तांबूस डाग असतील तर गंज आत पोचलाय. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते, त्यामुळे वरून सिमेंट थापलं तरी ते पुन्हा निघतं. उघड्या सळईचा गंज घासून तिची जाडी व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मापा. १० मिलिमीटरची ८ झाली असेल तर तिचं एक तृतीयांशाहून जास्त लोखंड गेलं. दुरुस्तीसाठी सळईच्या मागेपर्यंत फोडून, घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मसाला भरतात आणि ओलं पोतं टाकून ठेवतात. वरची बाजू भिंतीलगत फोडायची असेल तर आधी खाली नीट टेके लागतात. मिस्त्री घाई करत असेल तर थांबवा.

पण कायमचा खांब देण्याचा सल्ला सोपा वाटला तरी विचारूनच घ्या. टोकाला खांब आला की स्लॅब मधोमध वाकायला लागतो आणि तिथे खालून पुरेशी सळई नसते. त्यात नागपूरची काळी माती. उथळ पाया असला तर पावसात माती फुगून खांब वर रेटते, उन्हाळ्यात आटून तोच खांब लटकतो.

रेलिंगची उंची निदान एक मीटर हवी, दोन गजांमधली फट १० सेंटीमीटरच्या आत. आडवे गज म्हणजे पोरांसाठी शिडीच. रेलिंग बहुधा पायाशी सडते, म्हणून स्लॅबमध्ये शिरते तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचं; रंगाखाली पापुद्रे निघाले तर तो पाय बदलायचा. पोकळ पाइप आतून गंजतो, तिथे ठोकल्यावरचा आवाज ऐकायचा. तपासताना रेलिंगवर रेलायचं नाही, आत उभं राहून हाताने हलवायची.

फरशीचा उतार मीटरला एक सेंटीमीटर, निचऱ्याच्या जाळीकडे. तडा नसेल तरच बादलीभर पाणी ओतून बघा, डबकं साचतं का. निचऱ्याचा पाइप कडेच्या निदान चार इंच बाहेर हवा, नाहीतर पाणी स्लॅबच्या पोटाला चाटत राहतं.

सगळं ठीक निघालं तर कूलर भिंतीला खेटून ठेवा. तेच वजन भिंतीपासून एक मीटरवर ठेवलं तर स्लॅबच्या मुळाशी येणारा जोर पाव मीटरवर ठेवल्याच्या चौपट होतो. जड कुंड्यांनाही हाच हिशोब. वायर रेलिंगला घासू देऊ नका, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) तपासा, आणि ओव्हरफ्लोची नळी थेट जाळीत सोडा.