डॅटसनच्या बोनेटखालचे शेव्हरोले

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गॅरेजात १९७२ सालची एक डॅटसन २४०झेड टो ट्रकवरून उतरली. तिचे मूळ इंजिन काढून तिथे शेव्हरोलेचे व्ही-८, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेले, इंजिन बसवलेले होते आणि हा बदल ज्याने केला त्याचा ठावठिकाणा सध्याच्या मालकांना माहीत नव्हता. त्यांनी गाडी तशीच विकत घेतली होती. सोबत ना वायरिंगचा नकाशा मिळाला होता, ना वापरलेल्या भागांची यादी. मी पुण्यात ऑटोमोबाइलची पदविका घेतली, पुढे अमेरिकेत आले आणि आता सॅन होजेमधील एका लहान गॅरेजात जुन्या जपानी गाड्यांचे काम करते. या कामात मूळ स्थितीतील गाडी कितीही थकलेली असली तरी तिची कारखान्याची पुस्तिका हाताशी असते. इंजिन बदललेल्या गाडीला दोन पुस्तिका असतात आणि त्या दोन गाड्या जिथे एकमेकींना जोडल्या आहेत, त्या जागेविषयी दोन्ही पुस्तिकांत एक अक्षरही नसते. त्या दिवशी सापडलेले दोन्ही बिघाड नेमके तिथलेच होते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला.

निस्सानने ही दोन आसनांची गाडी १९६९ च्या अखेरीस जपानमध्ये फेअरलेडी झेड या नावाने आणली आणि अमेरिकेत ती १९७० पासून डॅटसन २४०झेड म्हणून विकली गेली. कंपनीच्या अमेरिकेतील शाखेचे प्रमुख युताका कातायामा यांचा तिच्या यशात मोठा वाटा होता. एका रांगेत सहा सिलिंडर असलेले २३९३ सीसीचे इंजिन, दोन कार्ब्युरेटर, १५१ अश्वशक्ती आणि जेमतेम टनाच्या आसपास वजन, असा तो मेळ होता. मला स्वतःला ते मूळ इंजिन फार आवडते. तरीही व्ही-८ बसवणाऱ्यांचे कारण मला समजते. शेव्हरोलेच्या १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये प्रथम आलेले ५.७ लिटरचे एलएस१ हे व्ही-८ इंजिन ब्लॉकपासून हेडपर्यंत (हेड म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण; व्ही-८ ला डावे आणि उजवे अशी दोन असतात) ॲल्युमिनियमचे असल्यामुळे लोखंडी ब्लॉकच्या जुन्या इंजिनापेक्षा फारसे जड भरत नाही आणि त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मात्र दुपटीहून अधिक असतो. शिवाय कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट असल्यामुळे, नव्या गाडीचे इंजिन बदलताना येणारी कायद्याची अडचण इथे येत नाही.

आमच्यासमोरचे इंजिनही एलएस१च होते; ते कोणत्या गाडीतून काढलेले आहे, हे शोधण्यापासून मी सुरुवात केली. थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेला, केबल होती. त्या काळच्या कॉर्व्हेटमध्ये थ्रॉटल विजेवर चालत असे. सहा गिअरचा गिअरबॉक्स थेट इंजिनच्या पाठीला जोडलेला होता, तर कॉर्व्हेटमध्ये तो मागच्या चाकांजवळ असतो. म्हणजे इंजिन १९९८ ते २००२ दरम्यानच्या कमारो किंवा फायरबर्ड गाडीतून आलेले होते आणि त्याच गाडीचा संगणकही सोबत आलेला होता. पुढे दिवसभर याच माहितीचा उपयोग झाला.

मालकांची तक्रार अगदी नेमकी होती. सांताक्रूझच्या किनाऱ्यावरून परतताना हायवे १७ चा घाट चढेपर्यंत गाडी मुळीच कुरकुर करत नसे. पण डोंगर उतरून लॉस गॅटोसजवळ वाहनांची रांग लागली, की तापमानाचा काटा चढू लागे आणि काही मिनिटांतच कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, बाहेर उसळे. याआधी दुसऱ्या गॅरेजांत मोठा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट आणि विजेवर चालणारे नवे जोडपंखे बसवून झाले होते. यांपैकी एकही भाग सदोष नव्हता. वेगात वारा मिळतो तोवर गाडी थंड राहते आणि थांबली की तापते, या लक्षणावरून पंख्यांकडे बोट जाणे स्वाभाविकच होते. मी बॅटरीवरून थेट वीज देऊन पाहिली तेव्हा दोन्ही पंखे जोरात फिरले. तेव्हा प्रश्न असा उरला, की त्यांना सुरू होण्याचा आदेश का मिळत नाही.

या गाडीत तापमान दोन ठिकाणी मोजले जात होते. डॅशबोर्डवरील डॅटसनच्या मूळ काट्याचा सेन्सर उजव्या हेडच्या मागच्या टोकाला बसवलेला होता, तर इंजिनच्या संगणकाचा सेन्सर कारखान्याने ठेवला त्याच जागी, म्हणजे डाव्या हेडच्या पुढच्या टोकाला होता. पंख्यांना आदेश देतो तो संगणक. संगणकातील आकडे वाचणारा स्कॅनर जोडून, गाडी आवारात उभी ठेवून मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहत राहिले. डॅशबोर्डचा काटा संथपणे वर चढत होता. स्कॅनरवरचा आकडा मात्र चढता चढता अचानक खाली येई, पुन्हा उसळे आणि पुन्हा घसरे. कूलंटचे खरे तापमान असे काही सेकंदांत वरखाली होऊ शकत नाही. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला नाही, एवढाच याचा अर्थ होता. खात्रीसाठी मी दोन्ही टोकांना काळी पट्टी चिकटवून इन्फ्रारेड तापमापकाने तापमान घेतले, कारण चकचकीत ॲल्युमिनियमवर हे उपकरण हमखास खोटा आकडा दाखवते. हेडची दोन्ही टोके सारखीच तापलेली होती. फक्त संगणकाला ते कळत नव्हते.

एलएस१ मध्ये हेडच्या सर्वांत उंच कोपऱ्यांत वाफ आणि हवा साचू नये म्हणून दोन्ही हेडना जोडणारी एक बारीक नळी असते आणि तिथून ती हवा रेडिएटरच्या वरच्या भागाकडे नेली जाते. इंजिन मागे किंचित उतरते बसवलेले असल्यामुळे उंच जागा पुढच्या टोकाला येते. नेमके याच नळीचे तोंड कुणीतरी रबरी टोपी आणि क्लिप लावून बंद केले होते. का, तेही उघड होते: डॅटसनसाठी बनवलेल्या रेडिएटरला ही नळी जोडायला जागाच नव्हती. घरातल्या नळाच्या पाइपात हवा अडकली की पाणी जसे धड येत नाही, तशी हवा त्या कोपऱ्यात अडकून बसली होती आणि पंख्यांना हुकूम देणारा एकमेव सेन्सर त्याच हवेत लटकत होता. कारखान्याच्या प्रोग्रॅमनुसार हे पंखे १०५ अंश सेल्सिअस ओलांडल्यानंतरच सुरू होतात; हवेतल्या सेन्सरला ते तापमान दिसायचे तेव्हा कूलंट त्याच्या बरेच पुढे गेलेले असायचे. नव्या रेडिएटरने किंवा नव्या पंख्यांनी यात काय फरक पडणार होता?

आमच्या गॅरेजातील ज्येष्ठ सहकाऱ्यांचा ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगमध्ये हातखंडा आहे. त्यांनी रेडिएटरच्या टाकीला वरच्या बाजूस एक लहान जोड वेल्ड करून दिला, मी नळी तिथवर आणली आणि गाडीचे नाक रॅम्पवर चढवून, आधी निर्वात करून मग कूलंट भरला. दुपारी स्कॅनरवरचा आकडा आणि डॅशबोर्डचा काटा एकत्र चढू लागले, पंखे आपल्या वेळेला सुरू झाले आणि तापमान उतरले. इथे काम संपले असे कुणालाही वाटले असते.

मी गाडी मुद्दाम तशीच चालू ठेवली. तापमानाचे दोन-तीन फेरे होऊ द्यायचे, हा आमचा नेहमीचा शिरस्ता. पंखे पुन्हा पूर्ण वेगाने सुरू झाले आणि काही वेळाने डॅशबोर्डच्या मागून तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. मी लगेच इंजिन बंद केले आणि बॅटरीची ऋण जोडणी काढली. मधले गेज बाहेर ओढून पाहिले, तर अँपिअरमीटरच्या मागची टोके तपकिरी पडलेली होती आणि एका वायरीचे आवरण मऊ झाले होते.

इथे डॅटसनची मूळ रचना समजून घ्यावी लागते. २४०झेडमध्ये अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या वीजनिर्मिती यंत्राची, वीज आधी डॅशबोर्डकडे येते आणि तिथून अँपिअरमीटरमधून बॅटरीकडे जाते. दिवे, वायपर, हीटर हे सगळे अँपिअरमीटरच्या अलीकडे जोडलेले असल्यामुळे मीटरमधून एरवी फक्त बॅटरी भरण्यापुरता प्रवाह वाहतो. १९७० च्या लहान अल्टरनेटरसाठी ही रचना पुरेशी होती. मीटरची पट्टीसुद्धा ४५ अँपिअरपर्यंतच आहे. इंजिन बदलणाऱ्याने मात्र पंखे, इंधनाचा पंप आणि संगणक हे सर्व थेट बॅटरीच्या टोकावरून जोडले. कमारोच्या १०५ अँपिअरच्या अल्टरनेटरकडून निघालेली त्या सर्वांची वीज आता इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या पडद्यातून आत, पन्नास वर्षांच्या वायरीतून आणि त्या मीटरमधून बाहेर, असा प्रवास करत होती. पंखे क्वचितच चालत असल्यामुळे हा दोष इतके दिवस झाकलेला राहिला. थंड करण्याची व्यवस्था सुधारली आणि तो लगेच उघडा पडला. लॉस गॅटोसच्या रांगेत, रात्रीच्या वेळी तो उघडा पडला असता तर काय झाले असते, या विचाराने मी त्या दिवशी खरोखर हादरले होते.

संध्याकाळपर्यंत अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत फ्यूजसह जाड केबल टाकली, अँपिअरमीटर परिपथातून पूर्ण बाहेर काढला आणि डॅशबोर्डच्या जुन्या वायरीवर फक्त तिच्या मूळ कामाचा भार ठेवला. मीटरच्या जागी व्होल्टमीटर बसवायचे ठरले; निस्साननेही पुढे २८०झेडमध्ये तोच मार्ग धरला होता. हेडलाइटचा प्रवाह या गाडीत रिलेशिवाय (रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) थेट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, म्हणून तिथेही रिले घातले. बॅटरी हलवली तेव्हा तिच्या तळाशी ॲसिडने खाल्लेला पत्रा दिसला. जुन्या झेडमध्ये हे इतके नेहमीचे आहे, की आम्ही तिथे न सांगता हातोडीने टोकून पाहतो. सुदैवाने गंज खालच्या चासीच्या पट्टीपर्यंत उतरलेला नव्हता. पातळ पत्र्याच्या त्या पट्टीवर आता दुप्पट टॉर्कचा ताण येतो, त्यामुळे ते पाहणे अत्यावश्यक होते.

पुढच्या आठवड्यात हायवे १७ वर जाऊन-येऊन झाल्यावर आम्ही मालकांना गाडीसोबत एक फाइल दिली: इंजिन कोणत्या गाडीचे, पट्टा आणि फिल्टर कुठले मागायचे, सेन्सर कोणता कुठे आहे, नव्या वायरींचे रंग आणि फ्यूज किती अँपिअरचे. इंजिन बदलणे हे मोठ्या कौशल्याचे काम आहे आणि ज्याने हे केले त्याची माउंटिंगची कारागिरी उत्तम होती. पण ही चार पाने त्याने लिहून ठेवली असती, तर मालकांचे बरेच पैसे आणि एक धोका वाचला असता, असे मला ठामपणे वाटते. माझ्या मते अशी फाइल नसलेली गाडी विकत घेऊच नये.

एक काम अजून बाकी आहे. मागचे डिफरन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारी दातेरी चक्रांची पेटी, मूळचे आर-१८० आहे, म्हणजे आतले मोठे दातेरी चक्र १८० मिलिमीटर व्यासाचे, आणि या टॉर्कपुढे ते फार काळ टिकणार नाही. मालकांना ते दाखवून सांगितले आणि त्यांनी तोवर गाडी जपून चालवण्याचे मान्य केले. २८०झेडचे आर-२०० मिळाले आहे. त्याची बेअरिंग आणि सील बदलून झाले, की पुढच्या महिन्यात गाडी पुन्हा आत घेणार आहोत.