गाडी झटके खाते, मधूनच फट् करते: दोष शोधायचा कसा?

पेट्रोल गाडीचा सगळ्यात त्रासदायक दोष म्हणजे अधूनमधून येणारा. चढावर पाय दाबला की गाडी अडखळते, मागून किंवा बॉनेटखालून फट् असा आवाज येतो आणि गॅरेजात नेली की तीच गाडी सुरळीत चालते. मग अंदाजाने ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग बदलले जातात, मग प्लगला व्होल्टेज पुरवणारी कॉइल, मग पेट्रोल पंप. खर्च वाढत जातो, दोष जागच्या जागी राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी दोष कधी येतो ते लिहून काढा: इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, पावसात की कोरड्या दिवशी, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) की लोडवर (इंजिनावर जोर असताना), टाकी भरलेली असताना की तळाला गेल्यावर. एवढ्यावरच अर्धी कारणे गळतात.

आवाज कुठून येतो तेही महत्त्वाचे. सायलेन्सरमधून फट् येत असेल तर बहुधा एखादा सिलिंडर मिस करतोय, म्हणजे त्यातले पेट्रोल पेटत नाही. न जळलेले पेट्रोल बाहेर पडून गरम एक्झॉस्टमध्ये पेट घेते. आवाज एअर फिल्टरच्या बाजूने येत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता जास्त. असे मिश्रण सावकाश जळते आणि इनटेक व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो तेव्हाही आत ज्योत शिल्लक असते. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) सरकले असेल तरीही असाच आवाज येतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका, एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो.

गोव्यात मी सुरुवात इग्निशनपासूनच, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेपासूनच करेन. पावसाळाभर हवा ओलीचिंब असते, किनाऱ्यालगत तिच्यात मीठही असते. पर्वरीचा चढ किंवा अनमोड घाट चढताना सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. कॉइलच्या रबरी बूटाला (प्लगवर बसणाऱ्या टोपणाला) बारीक चीर असेल, तर ठिणगी फटीतून जाण्याऐवजी बाहेरूनच बॉडीला उतरते. म्हणून आयडलिंगला सगळे ठीक वाटते आणि चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की झटके सुरू होतात.

इंजिन थंड झाल्यावर प्लग काढा आणि पांढरी चिनीमाती उजेडात फिरवून पाहा. तिच्यावर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर तिथून ठिणगी गळतेय. बूटाच्या आतही तशीच रेघ सापडेल. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदला, कारण जुना बूट नव्या प्लगवरही तीच रेघ पाडतो. धातूच्या कडेलगत दिसणारे तपकिरी वलय मात्र दोष नव्हे. ते पाहून चांगले प्लग फेकून देणारे बरेच आहेत. प्लगच्या खड्ड्यात तेल असेल तर आधी टॅपेट कव्हरची (इंजिनवरच्या झाकणाची) सील बदला. प्लगच्या टोकाची फट सहसा 0.8 ते 1.1 मिमी असते, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच आकडा धरा.

कॉइलवर संशय असेल तर नवी आणण्याआधी अदलाबदल करा. गाडीतले दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर P0302 (दोन नंबरचा सिलिंडर मिस) आला असेल तर दोन नंबरची कॉइल तीनवर लावा. पुढच्या वेळी P0303 आला तर कॉइलच दोषी, P0302 च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा वायरिंगकडे वळा. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे कमकुवत कॉइल आधी गॅसवर मिस करते. पेट्रोलवर नीट चालते म्हणून लगेच सीएनजी किटला दोष देऊ नका.

यानंतर कनेक्टर. कॉइल, इंजेक्टर, क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे मोजणारा) यांचे एकेक कनेक्टर काढून आत पाहा. पिनांवर हिरवट भुकटी दिसली तर तो खाऱ्या हवेचा प्रताप. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुकू द्या. सॅंडपेपरने घासू नका, वरचा मुलामा निघून गंज आणखी वेगाने चढतो. मग इंजिन चालू ठेवून एकेक वायर हलवून पाहा. अर्थिंग, म्हणजे इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधली जोडणीही तपासा: दिवे, एसी, ब्लोअर चालू ठेवून मल्टिमीटरची एक तार इंजिन ब्लॉकला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. 0.1 व्होल्टच्या आसपास ठीक, त्याहून बरेच जास्त दिसले तर अर्थची पट्टी काढून साफ करा किंवा बदला. चतुर्थीच्या आधी गाडी धुवायला देताना इंजिनवर प्रेशरचे पाणी मारू देऊ नका. प्लगच्या खड्ड्यात साठलेले पाणी नंतर कितीतरी दिवस त्रास देते.

इग्निशन स्वच्छ निघाले तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा. साधारण अधिक-उणे 10 टक्क्यांच्या आत तो असावा. आयडलिंगला अधिक 20 आणि 2500 आरपीएमला उतरून जागेवर येत असेल, तर कुठूनतरी जादा हवा आत शिरतेय: व्हॅक्यूमच्या नळ्या, पीसीव्ही (इंजिनातली वाफ इनटेककडे नेणारा व्हॉल्व्ह), ब्रेक बूस्टरची नळी, इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट. उलट आयडलिंगला ठीक आणि लोडवर वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पोचतेय. तेव्हा गेज लावून प्रेशर मोजा. साध्या पोर्ट इंजेक्शनला (पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधी फवारले जाते) ते बहुधा 3 ते 4 बार असते आणि पाय दाबल्यावर खाली येता कामा नये. पावसात पेट्रोल भरल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून पंधरा मिनिटे स्थिर ठेवा. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून तळाला वेगळा थर धरतात. असा थर दिसला तर टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही.

गाडी तापल्यावरच अडखळते, बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, असे असेल तर क्रँक सेन्सर पाहा. गाडी गिअरमध्ये धावत असताना स्कॅनरवरचा आरपीएम क्षणभर शून्यावर आला, तर सेन्सरचा सिग्नल तुटतोय. पेट्रोल कमी पडल्यास आरपीएम असा तुटत नाही, उतरत जातो. हे सगळे नीट निघाले आणि फट् तरीही इनटेकमधूनच येत असेल, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा आणि टायमिंग चेनच्या खुणा जुळतात का ते पाहा.