इथिओपिया, आपल्या सह्याद्रीच्या नात्यातला देश

इथिओपिया म्हटलं की लोकांना १९८४ चा दुष्काळच आठवतो, ते फोटोच तेव्हा जगभर एवढे फिरले, पण आमच्या साताऱ्याच्या माणसाला हा देश खरं तर लगेच जवळचा वाटायला पाहिजे. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर साचून झाला, तसंच तिकडचं पठार साधारण तीन कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं आहे, फक्त उंची लई जास्त. राजधानी अदिस अबाबाच दोन हजार मीटरच्या वर आहे आणि उत्तरेतलं रास दाशेन शिखर साडेचार हजारच्या पुढं जातं. पाऊसही जून ते सप्टेंबर, आणि तो संपत आला की इकडं कासला फुलं येतात तेव्हाच तिकडची माळरानंही पिवळीधमक होतात, ११ सप्टेंबरच्या सुमाराला त्यांचं नवीन वर्ष लागतं, त्यांच्या वर्षाला महिने तेरा!

आपण चटणीला वापरतो ते कारळं, त्याचं मूळ गावही इथिओपियाच.

लोकसंख्या १२ कोटींच्या वर, भाषा ऐंशीहून जास्त, ओरोमो आणि अम्हारा हे सगळ्यात मोठे समाज, ख्रिश्चन आणि मुसलमान शेकडो वर्षं शेजारी राहतायत. जेवायला टेफ नावाच्या बारक्या धान्याचं पीठ आंबवून केलेली इंजेरा, आंबोळीसारखी जाळीदार पण परातीएवढी, तिच्यावरच भाज्या वाढायच्या आणि सगळ्यांनी मिळून एका ताटात जेवायचं. कॉफी तर तिथल्याच जंगलातली, पाहुण्यासमोर बिया भाजून, कुटून, तीन वेळा कप भरून देतात, घाई करायची नाही.

१८९६ ला आडवाच्या लढाईत त्यांनी इटलीच्या फौजेला हरवलं, युरोपातली सत्ता आफ्रिकेतल्या देशाकडून अशी हरणं तेव्हा फार मोठी गोष्ट होती. आणि आपल्या इतिहासातला मलिक अंबर तिथलाच की, गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा निजामशाहीचा वजीर झाला, १६२४ ला भातवडीला शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले.

बघायला लालिबेला गावची अकरा चर्च आहेत, वेरूळच्या कैलासासारखी वरून खाली खडक कोरत आणलेली. सिमियेन डोंगरांच्या कड्यांवर गेलाडा माकडं, छातीवर लाल डाग, दिवसभर गवत उपटून खातात. आणि दनाकिल तर वेगळीच दुनिया, समुद्रसपाटीच्या शंभर मीटरहून खाली, उकळतं पाणी, पिवळा गंधक, एर्ता आले हा धगधगता ज्वालामुखी, आणि तिथंच अफार लोक मिठाच्या लाद्या कापून उंटांवर लादतात. त्याच अफार भागात १९७४ ला ३२ लाख वर्षांपूर्वीचा लूसीचा, म्हणजे माणसाच्या एका आदिम पूर्वजाचा, सांगाडा सापडला.

निळी नाईल ताना सरोवरातून निघते. तिच्यावरचं नवं धरण २०२५ ला सुरू झालं, वीजक्षमता पाच हजार मेगावॅटच्या वर, कोयनेच्या अडीचपट! साध्या लोकांनी त्याचे रोखे घेतलेत, मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं, खालच्या इजिप्तला मात्र पाण्याची काळजी लागलीय.

मुंबईहून अदिसला थेट विमान आहे. पण अलीकडं उत्तरेत लढाया झाल्यात, त्यामुळं लालिबेला-सिमियेनचं बुकिंग करायच्या आधी तिथली परिस्थिती नक्की विचारून घ्या, आणि जायचं तर पाऊस उघडल्यावर जावा.